तीन रात्री, चार दिवस (नाश्त्यासह)

कोकणकन्या दोन तास उशिरा.
कुडाळ स्टेशनवर मी पाटी धरून उभा,
पाटीवर तुमची आडनावं : ढोमणे, राऊत, पाचपोर, अजून एक राऊत.
वाशिमकडची नऊ माणसं,
त्यांतल्या सहा जणांनी समुद्र पाहिलेलाच नाही.
मी दिगंबर खवणेकर, राहणार देवबाग.
चार दिवस तुमच्यासोबत.
उलटी होत असेल त्यांनी पुढे बसा.

पहिल्या दिवशी नुसता वारा आणि सोलकढी.
ढोमणेवहिनी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून
घरी फोन लावत होत्या : ऐक, ऐक, आवाज ऐक.

दुसऱ्या दिवशी किल्ला.
चारही बाजूंनी खारं, आणि मधोमध
दूधबाव, दहीबाव, साखरबाव.
हे वाक्य मी वर्षाला दोनशे वेळा म्हणतो
आणि दर वेळी 'मधोमध'वर थांबतो,
कारण तिथे लोक मोबाइल वर करतात.
पाचपोरकाकांनी मोबाइल काढला नाही.
उभा जन्म विहिरी खणण्यात गेलेला हा माणूस,
ओंजळभर पाणी तोंडात धरून
बराच वेळ तसाच.
मग म्हणाले, हे गोड कसं राहतं?
मी म्हणालो, खडक.
मला माहीत नाही. मला शिकवलेलं उत्तर खडक आहे.

रात्री दशावतार.
तुम्हाला साडेनऊ सांगितलं होतं, पडदा बाराला सरकला.
लक्ष्मी झालेले आबा मेस्त्री मांडवामागे
नऊवारी सावरत बिडी ओढत होते.
थोरल्या राऊतबाई पर्समधून कुंकवाचा करंडा काढून
थेट त्यांच्यासमोर.
आबांनी बिडी पाठीमागे धरली
आणि कपाळ पुढे केलं.
हे माझ्या पत्रकात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रापण ओढली, फोटोपुरती.
मग संगम.
या अंगाला कर्ली, त्या अंगाला दर्या,
मध्ये आमचं गाव, रुंदीला एका हाकेएवढं.
डॉल्फिन दिसले तर टाळ्या वाजवू नका, मी म्हणालो.
डॉल्फिन दिसले नाहीत.
पाचपोरकाकांना पाण्यात माड दिसला,
नुसता बुंधा, झावळी नाही,
टोकाला पंख वाळवणारा पाणकावळा.
ते काय?

पास्कूने इंजिन बंद केलं.
तो माझ्याकडे बघेना.
"सांग तेंका," म्हणाला, "तेंनी पैशे भरल्यानी हत."

सांगितलं.
माड आईने लावला, मी पहिलीत असताना.
माडाच्या अलीकडे पडवी,
आणि आता होडी आहे तिथे,
नाही, जरा डावीकडे,
विहीर. चिऱ्यांनी बांधलेली.
"खोल किती?"
अकरा फूट.
"पाणी?"
गोड.
तीन पावसाळ्यांत गेली.
आधी रहाट,
मग पाणी मचूळ झालं. आई म्हणायची,
पाण्याला काही झालेलं नाही, माझी जीभच बिघडलीय.
मग एका उधाणाला कठडा.
आता पाण्यात पाणी.

पुढचं मला पाठ नव्हतं. मी गप्प बसलो.
होडी एकाच जागी डुलत राहिली,
धाकट्या राऊतने चिप्सची पिशवी आवाज न करता घडी घातली.
पाचपोरकाकांनी बाटली उघडली,
वीस रुपयांची, सकाळी मीच विकलेली,
वाकून विचारलं : इथे?
जरा डावीकडे, मी म्हणालो.
त्यांनी ओतलं. अर्धी बाटली.
उरलेलं मला दिलं.

चौथ्या दिवशी सावंतवाडी,
लाकडी आंबे, लाकडी केळी, लाकडी फणस.
घासाघीस. पोस्टात टाकायचं राहिलेलं पाकीट.
परतीची गाडी, नेमकी त्याच दिवशी, वेळेवर.

अभिप्रायाची वही मी गाडी गेल्यावर उघडली.
जेवण उत्तम. खोलीत डास.
नाटक फार उशिरा, पण बाई छान होत्या.
आणि शेवटी, खोदल्यासारख्या अक्षरात :
विहीर. ११ फूट. पाहिली.

पुढच्या गटाला मी नवी वही दिली.