पाठीवरची गावं

काळ्या टी-शर्टच्या पाठीवर गावं छापलेली होती:
पुणे, नाशिक, नागपूर, हुबळी, बेळगाव, पणजी.
कोल्हापूर नव्हतं.
बेळगावचं ऐनवेळी फिसकटलं
म्हणून रोवीना आमच्याकडं आली,
उरलेल्या तारखेसारखी.
आम्हाला काय त्याचं.

तिकीट पंचाहत्तर रुपये.
नफिसानं घरी सांगितलं, टायपिंगची परीक्षा आहे.
मी सांगितलं, नफिसाच्या घरी मेंदी आहे.
दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीत भाजी घेताना
दोघींच्या आया एकमेकींना भेटल्या,
ते नंतरचं.

बाबांच्या सायकलवरून
खासबागेच्या दारापर्यंत गेले होते मी. आत कधीच नाही.
त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं
ते केवढं गोल, पायऱ्याच पायऱ्या,
मधे लाल मातीचा हौद, त्यावर ताडपत्री,
पलीकडं स्टेज,
आणि हौदाच्या कडेला स्टुलावर
राखणीला बसलेले गुंडू वस्ताद,
कान चुरगळलेले, मांडीवर काठी.
कुणी जवळ सरकलं की म्हणायचे,
"पायताण."
एवढंच.

ती आली. गुडघ्यापर्यंत चंदेरी बूट.
तिसऱ्या गाण्यात जनरेटर गेला.
शिट्ट्या, शिव्या, "पैसे परत द्या".
कुणीतरी बॅटरी मारली, मग आणखी कुणी,
त्या ठिपक्याठिपक्यांत ती स्टेजवरून उतरली
आणि हौदाशी आली.
वस्तादांनी काठी आडवी धरली.

तिला मराठी येत नव्हतं.
तरी खाली बसून बुटाची चेन ओढू लागली.
डाव्या पायाची अडकली.
तेव्हा वस्तादांनी काठी बाजूला ठेवली, गुडघा टेकला
आणि पट काढावा तसा
एका झटक्यात तिचा बूट काढला.
सगळं मैदान हसलं. तीही.

मग मातीत उभी राहून माईकशिवाय गायली.
मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
कॅसेटमधला आवाज भरदार होता,
हा बारीक, सर्दी झालेला,
पण आमच्या शेवटच्या पायरीपर्यंत आला.
बाबा म्हणायचे, पैलवानानं शड्डू ठोकला
की खासबागेत तो वरच्यालाही छातीत लागतो.
मला त्या दिवशी पटलं.

नफिसा म्हणते, असलं काही झालंच नाही.
मस्कतहून तिचा व्हॉइस मेसेज आला, मागं कुकरची शिट्टी:
"बूट कुठले गं, सँडल होते. लाईट पाच मिनिटांत आली.
वस्ताद तू घातलेस मधे.
आणि भोक तुझ्या मोज्याला होतं,
तू रडत होतीस आणि म्हणत होतीस, धूळ गेली."

असेल.
माझ्याकडं पुरावा म्हणून फक्त टी-शर्ट.
पणजीच्या खाली मी लाल दोऱ्यानं
कोल्हापूर भरलंय, ल्हा जरा वाकडा झालाय.
बेळगाव उसवून काढता येत नाही, ते छापील आहे.
न झालेलं गाव तसंच राहिलं पाठीवर.
धाकटी हल्ली तो घालून झोपते,
विचारते, रोवीना कोण?
तिची पुढची कॅसेट कधी आली नाही
एवढंच मला सांगता येतं.

परवा लाईट बिल भरून येताना खासबागेचं दार उघडं दिसलं.
पोरं हौद खणत होती,
मातीत ताक, हळद, तेल, लिंबं.
वास थेट बाबांच्या धोतराचा.
विचारलं, गुंडू वस्ताद?
"ते होय? गेले की. पुराच्या वर्षी."
मी नकळत एक पाऊल पुढं टाकलं असेल.
फावडं न थांबवता एक पोरगं म्हणालं,
"काकी, पायताण."

काढलं.
पण आत नाही गेले.
चपला हातात घेऊन तशीच उभी राहून
नफिसाला फोन लावला.
वाजत राहिला.
तिकडं अजून सकाळ, ती पोरांच्या डब्यात असणार.