बुधवारचे

सोमवार ज्यांचा कफ अजून पांढरा त्यांचा.
आम्ही हिरवे, बुधवारी,
तेही एकमेकांपासून दोन मीटर लांब.

कुठून आला जंतू, कोण सांगणार.
आई म्हणते, शाळेतल्या बेसिनच्या जाळीतून.
बाबांना अजून होडीच्या पंपाचा संशय.

आधी सुटे पोहत होते,
एका फवाऱ्यात मरण्याजोगे.
मग एक टेकला.
टेकला तो हललाच नाही.
कुजबुज सुरू झाली:
किती आहोत?
अजून थोडे. अजून थोडे.
पुरेसे झाले तशी भिंत घातली,
स्वतःच्याच चिकट्याची,
आत पाण्याला वाटासुद्धा ठेवल्या.

प्रयोगशाळेतल्या इंगेबोर्गने पडद्यावर दाखवलं.
"तळाशी आहेत ना, ते झोपलेत.
झोपलेल्याला औषध लागू पडत नाही."
तिच्या आवाजात जरासं कौतुक होतं.
मला राग यायला हवा होता. खोकला आला.

थीरा सोमवारची.
तरी बुधवारी ऑर्हूसच्या त्या पार्किंगमध्ये यायची,
काच वर करून बसायची,
वाफेवर बोटाने काहीतरी लिहायची, उलटं,
म्हणजे मला सुलटं वाचता यावं.

आज गाडी रिकामी.
थीरा आत होती, मास्क लावून,
भिंतीकडच्या खुर्चीत.
काही बोलली नाही. चॉकलेट मोडलं,
अर्धं मधल्या खुर्चीवर ठेवलं.

मी उचललं नाही.
तिचे वेगळे असतील, माझे वेगळे.
नर्सने नाव पुकारेपर्यंत
ते तिथेच,
चांदीच्या कागदावर,
हळूहळू मऊ होत.