चार टाके

पहिल्या दिवशी ती पिऊन आल्यासारखी चालली.
पुढचे पाय एका गावाला, मागचे दुसऱ्या.
मला वाटलं, चला, दहा दिवस अशीच गरीब राहील.
रात्री अकराला भिंगरी कवेलूंवर होती.

डॉक्टरीण मेश्राम, पंचविशीची पोरगी,
दारव्ह्याच्या दवाखान्यात दिवसभर
म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी,
म्हणाली होती, काका, उडी नको, चाटणं नको,
दहा दिवस.
जसं काही भिंगरीला कॅलेंडर वाचता येतं.

मी शिंपी. तीस वर्षं पायमशीनवर.
तिला मांडीवर उताणी धरून, चष्मा लावून
टाके पाहिले :
चार. निळा दोरा. अंतर सारखं, गाठ दबलेली.
चांगला हात आहे पोरीचा.
काजं करायला ठेवली असती दुकानात.

गळ्यात घालायला प्लास्टिकचं नरसाळं दिलं होतं.
ते घातल्यावर ती उलटी चालत गेली
भिंतीला टेकेपर्यंत,
आणि तिथंच उभी राहिली, रुसलेल्या सुनेसारखी.
मग नरसाळं एकीकडे, मांजर एकीकडे.

म्हणून शाळेच्या गणवेशाचा गठ्ठा बाजूला सारला,
माप घेतलं.
छाती साडेबारा, पोट चौदा,
लांबी, अगं हलू नको, अंदाजे अकरा.
पहिलं झबलं काखेत काचलं.
दुसऱ्यात शेपटीखाली मोकळं सोडायला विसरलो,
त्याची शिक्षा गोधडीला झाली.
तिसरं बसलं. आकाशी, पाठीवर तीन नाड्या.
जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत नाव घालावं अशी दिसत होती.

वरून कोंबड्यांचं डालं घातलं. डाल्यावर वीट.
वीट घेऊन डालं अंगणभर चालू लागलं.

सुकटीत अर्धी गोळी दाबून दिली.
सुकट खाल्ली.
गोळी सकाळी माझ्या चपलेत सापडली.

चौथ्या दिवशी वच्छला तूर निवडत बसली होती,
मान खाली.
‘चार दिस झाले न?
माह्या ऑपरेशनच्या चवथ्या दिशी
मी पऱ्हाटी येचाले गेलती.
ओटी भरली का टाक्यावरच बसे.’
तक्रार नव्हती. दुकानातला भाव सांगावा, तसं.

मला आठवलं ते एवढंच :
शाळेच्या वर्गात सतरंजीवर ओळीनं अकरा बाया,
फळ्यावर अर्धं पुसलेलं भागाकाराचं गणित,
आणि मी बाहेर, जीपवाल्याशी
दहा रुपयांवरून भांडत.

गावातल्या प्रत्येकाची कंबर माझ्या वहीत आहे.
मेलेल्यांचीसुद्धा.
तुला किती टाके होते व, असं विचारायला
अठ्ठावीस वर्षांनी तोंड उघडलं.
ती सुपातला खडा वेचत म्हणाली,
‘तवा चष्मा नोता तुमाले.’

त्यानंतर दिवसभर मशीन चालवली मी,
दोन चड्ड्यांना उलटे खिसे लागले.

सहाव्या दिवशी पाहतो तर
जिला वर्षभर खराट्यानं हाकललं,
तिला मांडीवर घेऊन
वच्छला झबल्याच्या आत बोट घालून खाजवतेय,
टाक्याला न लागता, बरोबर कडेकडेनं.
‘पडून राह्य व माय,
तुले कोन बलावते कामावर?’

आज आठवा.
गणवेशवाले मास्तर दोनदा येऊन गेले.
वीज गेलेली, अंगणात दोन खाटा,
मध्ये डालं, वर वीट.
पलीकडे पऱ्हाटीच्या ढिगात
काहीतरी खुडबुडलं.
तिघांनी ऐकलं.
वच्छलेनं डोळे न उघडता
हात लांबवून डाल्यावर ठेवला.

डालं थोडं सरकलं,
हातासकट.