टिचकी

फेब्रुवारी. तार्तूमधलं एक तळघर.
बर्फ उपसणारं फावडं
दोन दारांपलीकडेच थांबलेलं.
उर्वेनं शेवटचा ट्रॅक लावलाय:
लेंबितच्या कान्नेलची एकच तार,
छेडून सोडलेली,
विझत विझत जाणारी.

चोवीस बिटांत ती निवांत विझते.
सीडीला सोळाच लागतात.
उरलेले आठ छाटायचे.

"मग छाट की," लेंबित म्हणतो,
"ही खरखर कशाला?
दोन हिवाळे मी शांत खोली शोधली,
फ्रिज बंद ठेवला, घड्याळ रजईत गुंडाळलं,
आणि तू वर पैसे घेऊन
खरखर ओततेस?"

उर्वे वाद घालत नाही.
आधी नुसतं छाटलेलं ऐकवते,
आवाज खूप, खूप वाढवून.
तार उतरते, उतरते,
आणि तळाशी पायऱ्या लागतात.
सूर तिचा राहत नाही,
खडीवरून कुणी पेटारा ओढत न्यावा
तसा होतो,
मग एकदम काहीच नाही.
शांतता नव्हे. काहीच नाही.

मग दुसरं.
कोंडा चाळल्यासारखी बारीक सळसळ,
आणि सळसळीच्याही खाली
तार चाललेली,
अजून,
अजून,
मग तिच्यावर अलगद टेकलेला
लेंबितचाच तळहात.
इतक्या उशिरा टेकला होता,
हे तो विसरूनच गेला होता.

"माझा बाप विर्त्सूच्या फेरीबोटीवर होता," उर्वे सांगते.
"बॅरोमीटर वाचण्याआधी
काचेवर टिचकी मारायचा.
अडकलेला काटा, म्हणायचा,
ठणकावून खोटं बोलतो.
हलवला की चाचरत का होईना, खरं सांगतो."

पण एकदाच. अगदी शेवटी.
मागच्या वर्षी शिकाऊ काउरनं तीनदा घातली,
येता-जाता प्रत्येकानं
भाजीत मीठ टाकावं तशी.
ती फाइल त्यानं अजून जपलीय,
शिक्षा म्हणून.

"जरा कमी नाही का होणार?"
"नाही. शेवटच्या पायरीच्या मापानंच घालायची असते."
लेंबित बराच वेळ टोपी चुरगळत बसतो.
मग म्हणतो, "राहू दे."

बाहेर गाडी गारठलेली.
पेट्रोलचा काटा नेहमीसारखा अर्ध्यावर.
किल्ली फिरवून तो क्षणभर थांबतो,
हातमोजा काढतो,
नखानं काचेवर टिचकी मारतो.

काटा थरथरतो,
आणि पावच्याही खाली येतो.