हातचा एक

बेदाणा निवडून बोटं चिकट होतात,
घरी येऊन राखेनं घासली तरी चिकटच.
काडी वेगळी, फुटका वेगळा, काळा वेगळा.
माझी शाळा दुसरीत सुटली.
माझा हिशोब पेरांवर,
एका बोटाला तीन, अंगठा फिरवत न्यायचा,
बारापर्यंत एक हात पुरतो.
त्यापुढं ज्याच्या हातात वही, त्याचं खरं.

शिवलीलाला तांबोळी बाईंनी सांगितलंय,
मणी नसतील तर बेदाणे आणा,
तासगावात काय तोटा?
घरातून रोज वीस निघतात,
शाळेत पोचतात सोळा, कधी चौदा.
बाई रागावत नाहीत. म्हणतात,
आधी वाटेतली वजाबाकी मांड.

मी भाकरी थापते, ती पाटीवर बोलते.
सात अन् पाच बारा.
बाराचे दोन खाली, हातचा एक.
कुठं ठेवलास गं हातचा?
"दशकाच्या डोक्यावर."
मला आपलं वाटलं, मुठीत असेल.

वजाबाकीत तर शेजारच्या घरी जाऊन उसना आणतात.
परत कधी देतात, मी विचारलं.
ती खोडरबर चावत बसली.
"बाईंना विचारते," म्हणाली. अजून विचारायचीय.

शुक्रवारी नवं गणित हवं म्हणून हट्ट धरला,
तेव्हा कमरेची चिठ्ठी काढून दिली.
सकाळचे क्रेट सतरा, दुपारनंतर पंधरा.
खाली बाळगोंडाआण्णांचं अक्षर: बावीस.
त्याखाली रेघ, सही.

तिनं मांडलं. बत्तीस आले.
पुसलं, मांडलं. बत्तीसच.
"आई, काकांनी हातचा घेतलाच नाही."

घेतला नाही, की घेतला.
तवा तापला होता, मी भाकरी टाकली.
मागच्या चिठ्ठ्या आठवत होते.
चूल पेटवायला बऱ्या पडतात म्हणून
एकही ठेवलेली नाही.

शनिवारी सगळ्या बायका हात धुवायला गेल्यावर
वाटभर घोकलेलं म्हणाले,
"आण्णा, हातचा राहिला."
त्यांनी चष्मा शोधला. खिशातच होता.
मग अंगठा पेरांवर फिरवला,
अगदी माझ्यासारखा,
आणि पहिल्या दोनाचा तीन केला, गिरवून गिरवून.
"घाईत होतं असं. कुणी काढून दिलं?"
"दुसरीतल्या पोरीनं."
यावर ते काही बोलले नाहीत.
पुढच्या बाईची चिठ्ठी मात्र
दोनदा तपासली.

आज डबीत वीस नाही, पंचवीस बेदाणे घातले.
वाटेत किती जातात ते
ती आणि तिच्या बाई बघून घेतील.