माशी

घोंगड्यात गुंडाळून, दोन एस्ट्या बदलून,
दर कंडक्टरला परवान्याची झेरॉक्स दाखवत
धाकलू झोरे मिरजेत आले.
मला वाटलं वीणा असेल.
घोंगडं सुटलं तर ठासणीची बंदूक.

"निवडणुकीत ठाण्यात जमा केली हुती.
परत मिळाली ती माशीबिगर.
पावतीवर बंदूक लिहिली हुती, माशी न्हवती लिहिली."

म्हटलं, झोरे, हे सतारीचं दुकान.
"शिकलगार न्हवं का तुमी? पाटी वाचूनच आलो."
आता काय सांगू.
पणजोबांनी तलवारींना पाणी दिलं,
त्यानंतर आमच्या घरात धार फक्त पटाशीला.

त्यांनी गज आत सोडला. तळाशी खणकन वाजला.
रिकामी आहे, बघा.
नळीच्या टोकाला सुईच्या नेढ्याएवढं भोक,
तिथं चाळीस वर्षं एक माशी बसली होती.

पितळेची करू?
"पितळ उन्हाचं. डुकरं येत्यात चांदण्यात."
मग लाखेचा लाल थेंब लावला, तात्पुरता.
मागच्या दारात हमीदाआपाचे टर्की फिरत होते,
सांगलीच्या कुठल्याशा हॉटेलासाठी पोसलेले.
झोऱ्यांनी दस्ता खांद्याला लावला,
मोतीबिंदू काढलेला डोळा उघडा, दुसरा मिटलेला.
टर्कीचं डोकं लाल. माशी लाल.
"गेली."
टर्की बिथरला, डोकं निळं झालं.
"आली."
पुन्हा लाल.
"आरं, गेली की!"
आम्ही दोघं हसलो. टर्कीही काहीतरी बोलला.
सावजाच्या मर्जीवर दिसणारी माशी घेऊन
कुणी रानात जाईल?

खणात उंटाच्या हाडाचा तुकडा होता,
एका घोडीतून उरलेला, दुधासारखा.
कानशीनं घासत आणला
ज्वारीएवढा. "मोठी. समोरचं झाकतीय."
बाजरीएवढा. "बास. ह्येच्या खाली डोळा न्हाई पुरायचा."
मग मागच्या खाचेत ती बसते का पाहिलं,
टेकते, पण चिकटत नाही.
आमच्यात याला जवारी काढणं म्हणतात.
ते म्हणाले, आजा ह्येला शिस्त म्हणायचा.
"शिस्त धर, म्हणायचा. मास्तर बी त्येच म्हणायचा शाळंत.
मला आज्याचीच कळली."

विचारलं, डुक्कर मारता अजून?
"छ्या. बार वरच. आवाजाला पळत्यात."
मग माशीसाठी एवढा खटाटोप?
झोऱ्यांनी बंदूक घोंगड्यात निजवली,
टोकाकडची घडी दोनदा उलगडून पुन्हा घातली.
"बांधावर पोरं असत्यात राखणीला.
अंधारात. कुठल्या बांधावर कोन, म्हाईत नसतं.
लागायला नेम लागतो थोडा.
लागू नये म्हणून लई लागतो."

पैसे घेतले नाहीत. त्यांनी नाचणीची पिशवी ठेवली
आणि साडेतीनच्या शिराळा गाडीला गेले.

नंतर अर्धवट सतार मांडीवर घेतली,
दांडी सरळ आहे का पाहायला
नेहमीसारखा एक डोळा मिटला.
सगळे पडदे एका रेषेत,
आणि पार टोकाला, दाराच्या उजेडात,
निळं पडत चाललेलं
एक डोकं.
दांडी जरा खाली घेतली मी.