नकाशात नसलेलं वळण

हेक्सहॅमच्या वर टेकडीला टेकलेली चार घरं,
शेवटच्यात डोरीन चार्लटन. वय एक्क्याऐंशी.
बागेत बघण्यासारखं काही नाही:
गवत, दहिवर, एक लोखंडी झाकण.
दृष्टीआड सृष्टी म्हणतात ना,
माझी नोकरी त्या आडच्या सृष्टीची.

खाली तीन बोअर, नव्वद नव्वद मीटर.
काळा पाइप तळापर्यंत जातो, वळतो, वर येतो,
भोवती ग्राउट, तळापासून भरत आणलेला,
असं कागद सांगतो.
कागदावर माझा विश्वास आहे,
दुसऱ्याने मोजून दिलेल्या सुट्ट्या पैशांवर असतो तितका.

आधी दाब. वाढवायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा,
आणि तापत्या दुधापाशी राहतात तसं उभं राहायचं.
फरक एवढाच, इथे काहीही होता कामा नये.
तास झाला. काट्याच्या पोटातलं पाणी हललं नाही.
लिहिलं.

मग एक थेंब काचेवर, भिंग उजेडाकडे:
ग्लायकॉल पुरेसं.
जमिनीकडे जाताना तीन अंश, परतताना सहा.
या तीन अंशांवर म्हातारीचं घर उबदार.
जमीन देते ती चिमूटभरच,
बाकीची घासाघीस पंप करतो.

पाइप भिंतीतून आत येतो तिथे मात्र
इन्सुलेशन उघडं, पाइपला घाम फुटलेला.
हे चालणार नाही. आठ दिवसांत दुरुस्ती.

शेवटी चराचे फोटो, माती लोटण्याआधीचे.
आराखड्यात सरळ रेघ.
फोटोत दुसऱ्या बोअरनंतर चर वळसा घेतो,
झोपलेल्याला ओलांडायचं टाळून
कुणी बाजूने जावं तसा.

"खडक लागला होता का?"
डोरीनबाई किटली खाली ठेवतात.
"बेस आहे तिथे. आमची कुत्री.
ड्रिलवाल्या पोराला सांगितलं,
त्यानं काही विचारलं नाही,
टेप गुंडाळली नि परत मोजायला लागला."

फोटो मोठा करून पाहिला.
वळणावरही वाळूचा थर सारखा,
वर पिवळी खूणपट्टी,
पाइप कुठे दुमडलेला नाही.
त्रिज्या काढली. नियमात बसते.

फॉर्मवर रकाना आहे: आराखड्यापासून फरक, कारण.
'अडथळा' लिहिलं. खोडलं.
उद्या कुणी गळती शोधत खणायला येईल,
त्याला नेमकं कळायला हवं.

भिंतीच्या कोपऱ्यापासून मोजत गेले,
टेपचं दुसरं टोक बाईंनी धरलं,
दहिवरात सपाता भिजवत.
अकरा मीटर चाळीस.
"इथे," त्या म्हणाल्या, "डोकं या बाजूला."

नकाशावर छोटा चौकोन काढला.
चिन्हांच्या यादीत यासाठी काही नव्हतं,
म्हणून आत अक्षरंच लिहिली: बेस. खणू नये.

सोमवारी परत यायचंय,
इन्सुलेशन बघायला.